बाबांनी जोडलेला चोवीस दिव्यांचा बोर्ड

ड्रेस्डेनच्या घरात माझ्याकडे जुने निऑन दिवे होते, दीडशेच्या आसपास. नवरा त्यांना ‘तुझे काजवे’ म्हणून चिडवायचा आणि पाहुणे आले की मात्र स्वतःच जमवल्यासारखा भाव खायचा. हे दिवे उजेडासाठी नसतात. जुन्या यंत्रावर किंवा इस्त्रीच्या बटणाजवळ ‘वीज चालू आहे’ एवढं सांगायला जो नारिंगी ठिपका असायचा, तो हा दिवा. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, आत धातूचे दोन तुकडे आणि थोडासा वायू. वीज आली की धातूवर नारिंगी उजेडाची साय धरते. या दिव्यांपायी माझ्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं वापरलेला पेचकस कायमचा खाली ठेवला, आणि तो त्यांच्या हातात परत देणं एवढं एकच काम त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत माझ्यापुढे होतं.

मी मूळची पुण्याची. ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर होते. माझ्या मशीनला एक छोटी काचेची खिडकी होती. आत वायू पेटला की जांभळा उजेड दिसायचा, आणि एका पाळीत मी वीसदा तरी तिथे डोकवायचे. त्यामुळे एल्बे नदीकाठच्या शनिवारच्या जुन्या बाजारात बुटांच्या खोक्यात भरलेले हे दिवे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तिथेच उकिडवी बसले. विकणारा म्हातारा पूर्वी एका यंत्रांच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. बर्लिनची भिंत पडल्यावर तो कारखाना बंद झाला, पॅनेलं भंगारात गेली आणि दिवे याच्या खोक्यात आले.

घरी येऊन पहिलाच दिवा मी थेट घरच्या विजेवर लावला. तो फटकन फुटला आणि काचा वरणात पडल्या. पुढच्या शनिवारी म्हाताऱ्यानं माझी मनसोक्त टर उडवली आणि मग समजावलं. निऑन एकदा पेटला की वीज ओढतच सुटतो, त्याला स्वतःला थांबता येत नाही. म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टर बसवावा लागतो, विजेला आवर घालणारा छोटासा तुकडा. काही दिव्यांच्या बुडातच तो असतो, काहींच्या नसतो, आणि वरून बघून कळत नाही. मी हट्टी आहे. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या दिव्याची वहीत नोंद केली, त्याला आधी मोठा रेझिस्टर लावून वीज हळूहळू वाढवत नेली, आणि पुढच्या तीन वर्षांत एकही दिवा फुटू दिला नाही.

बाबा आले ते दोन हजार सहाच्या ऑगस्टअखेर, तीन महिन्यांच्या व्हिसावर. बाबा म्हणजे माझे सासरे. नागपूरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. नागपूरला ते एकटेच राहत, पण एकटे पडले नव्हते. वस्तीत कोणाचंही घर बांधून झालं की वायरिंगला बाबाच लागत. पैसे घ्यायचे नाहीत, चहा मात्र दोनदा प्यायचे. त्यांच्या वस्तीत पहिली लाइन आली तेव्हा खांबावर चढलेल्या माणसांत ते होते, आणि ही गोष्ट ते फार क्वचित, पण फार ताठ बसून सांगत.

पहिले दोन आठवडे त्यांचे हाल झाले. सकाळी आंघोळ आणि बुद्धवंदना उरकली की खिडकीत बसून ट्राम बघायच्या, दुपारी जेवून परत ट्राम. मुलगा ऑफिसात, सून कारखान्यात. खाली फिरायला गेले तर शेजारीण ‘मॉर्गन’ म्हणायची आणि बाबा दोन्ही हात जोडायचे, तेवढंच काय ते दिवसाचं बोलणं.

मग एका रविवारी मी टेबलावर दिवे मांडून बसले होते. बाबा मागे येऊन उभे राहिले.

“काय करून राहिली?”

“अहो बाबा, हे जुने निऑन आहेत. इकडच्या मशीनवरचे.”

त्यांनी एक दिवा उचलून खिडकीकडे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे तं आपल्या टेस्टरातले! एवढे मोठे?”

ते आत गेले आणि बॅगेतून फडक्यात गुंडाळलेली हत्यारं घेऊन आले. पक्कड, दोन पेचकस आणि टेस्टर. टेस्टर म्हणजे मुठीत निऑनचा दिवा असलेला पेचकस, आपल्याकडे घरोघरी असतो तो. दोन खंड ओलांडताना त्या माणसानं स्वेटर कमी घेतले होते आणि हत्यारं घेतली होती! लगेच त्यांनी घरातल्या एकेका सॉकेटमध्ये टेस्टर घालून पाहणी सुरू केली. अर्ध्या तासानं अहवाल आला.

“हॉलमध्ये फेज उजवीकडे, सैपाकघरात डावीकडे. बेडरूममध्ये एक असा, एक तसा. कोणी केलं बाप्पा हे वायरिंग? आपल्याकडे असं केलं असतं तं साहेबानं घरी पाठवलं असतं.”

मी हसले आणि चहा ठेवायला गेले. खरं कारण मला माहीत होतं. जर्मनीत प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. उलटा घाला, सुलटा घाला, सारखाच बसतो. त्यामुळे फेज, म्हणजे वीज आणणारी तार, डावीकडे की उजवीकडे याला तिथे काही अर्थच नाही. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग एकाच बाजूनं बसतो, म्हणून आपल्या वायरमनला फेज कुठे ते कायमचं ठरवता येतं. एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले की दिवे असे डब्यात ठेवून काय कामाचे, एक बोर्ड करू. मला तर हवंच होतं. म्हाताऱ्याकडून आम्ही पितळी कड्यांचे चोवीस जुने होल्डर आणले, बाउमार्क्टातून, म्हणजे घरकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून, प्लायवुड आणलं. सहा दिवे एका ओळीत, अशा चार ओळी. मी हिशेब करून प्रत्येक दिव्याला रेझिस्टर काढून दिला. जोडणी सगळी बाबांची. तार सोलताना आतल्या तांब्याला ओरखडा पडू द्यायचे नाहीत, वळणं सगळी काटकोनात. मी शाळेतल्या मुलीसारखी शेजारी बसून बघायचे. सासरे आणि सून एवढा वेळ एकत्र बसून काय बोलतात, असं नवऱ्याला कोडं पडायचं. आम्ही काहीच बोलत नव्हतो.

शेवटी स्विच बसवायची वेळ आली. बाबांनी दोन तारांपैकी एक उचलली. “स्विच नेहमी फेजवर,” ते म्हणाले. “फेज तोडली की पुढं सगळं थंड. झोपेत विचारलं तरी हेच सांगीन.”

तेव्हा ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. प्लग उलटा बसला तर बाबा ज्या तारेला फेज म्हणत होते ती फेज राहणारच नाही. स्विच बंद केला तरी दुसऱ्या तारेतून वीज थेट होल्डरच्या पितळी कड्यांपर्यंत येऊन उभी राहील. मला हे स्वच्छ दिसत होतं. कारखान्यात मी माझ्या जर्मन बॉसला भर मीटिंगमध्ये ‘तुमचा आकडा चुकलाय’ म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. इथे जीभ उचलली नाही. एकतीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला, तेही सासऱ्यांना, त्यांच्याच कामातलं मी काय सांगायचं? आपण प्लग नीट बघून घालू, मी मनात म्हटलं. झालं.

बोर्ड लागला तेव्हा बाबांनी चष्मा पुसून पुसून बघितला. काही दिव्यांत उजेड चकतीवर, काहींत वेटोळ्यावर. त्यांनी मोबाइलवरून नागपूरला शेजाऱ्यांना फोन लावला आणि ‘इथं जर्मनीत एक काम केलं’ असं सांगितलं. तो आठवडा आमच्या घरातला फार चांगला आठवडा होता.

पुढच्या शनिवारी मी घर झाडायला घेतलं. व्हॅक्युम क्लीनरसाठी बोर्डाचा प्लग काढला, काम झाल्यावर परत घातला. नीट बघून घालणार होते ना मी? साफ विसरले. संध्याकाळी तिसऱ्या ओळीतला एक दिवा लुकलुकत होता म्हणून खुर्ची ओढून बदलायला बसले. स्विच बंद केला, सगळे दिवे विझले, डाव्या हातानं खिडकीखालच्या लोखंडी हीटरचा आधार घेतला आणि उजव्या हातानं दिवा फिरवून काढला. अंगठा पितळी कड्याला लागला.

झटका बसला म्हणजे काय ते ज्याला बसलाय त्यालाच कळतं. दोन्ही खांद्यांमधून कोणीतरी करवत ओढली. मी खुर्चीसकट मागे पडले. बोर्ड माझ्या पायांवर आला आणि दोन दिवे फुटले. डोळे उघडले तर बाबा समोर होते. त्यांनी आधी प्लग ओढून काढला होता आणि मगच मला हात लावला होता. एवढ्या गडबडीतही माणसानं क्रम चुकवला नव्हता.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला आणि पद्धत म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवून घेतलं. अंगठ्यावर मसुराएवढा भाजल्याचा डाग आणि सुजलेलं मनगट, एवढ्यावर निभावलं. सकाळी नवरा आत आला तेव्हा म्हणाला, “पप्पा बाहेर बसलेत. आत येत नाहीयेत.”

घरी आले तेव्हा टेबल रिकामं होतं. बोर्ड भिंतीकडे तोंड करून उभा केला होता. हत्यारं फडक्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी गेली होती, आणि बाबा खिडकीत बसून ट्राम बघत होते.

“अहो बाबा, चूक माझी आहे,” मी बसायच्या आधीच म्हणाले. “इकडचा प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.”

ते खिडकीतून वळले. मग म्हणाले, “तू सून आहेस. वायरमन मी आहे. वायरिंगची चूक वायरमनचीच असते.”

“पण तुम्हाला कसं कळणार होतं?”

“सॉकेट पाह्यले होते ना मी. फेज कुठं डावीकडे, कुठं उजवीकडे. तेव्हाच काहून विचारलं नाही? दुसऱ्याला नावं ठेवत बसलो.” आणि परत खिडकीकडे वळून, “एकतीस वर्षांत माझ्या वायरिंगवर कोणाले झटका नव्हता बसला. बसला तं घरच्या पोरीले.”

त्यांना परत जायचं होतं. तिकीट बदलून मिळालं नाही, म्हणून अजून पाच आठवडे काढणं भाग होतं. त्यातच एका दुपारी नागपूरहून फोन आला. वस्तीत कोणाचं तरी घर उभं राहत होतं आणि बाबा आल्यावरच वायरिंग करू असं ते म्हणत होते. बाबा शांतपणे म्हणाले, “दुसरा माणूस पाह्य गा. मी ते काम सोडलं.”

मी स्वयंपाकघरातून ऐकलं. नागपूरला त्या माणसाला हाक मारायचं कारण म्हणजे ते काम. ते सोडलं तर त्यांना दोनदा चहा कोण देणार होतं? माझ्या एका गप्प राहण्यानं हे झालं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की कांदा चिरायचा सोडून मी सुरी सिंकमध्ये फेकली. त्याच जागी उभं राहून ठरवलं की हा माणूस विमानात बसायच्या आधी हत्यारं बॅगेच्या तळातून बाहेर येतील. कशी, ते माहीत नव्हतं.

नवऱ्याचं मत वेगळं होतं. “टाकून दे तो बोर्ड,” तो म्हणाला. “स्पेरम्युलमध्ये, मोठ्या कचऱ्यात देऊ, उचलून नेतील. पप्पांना सारखं समोर दिसतं.”

“नाही टाकणार.”

“अगं, तुला करंट लागलाय! डॉक्टर काय बोलला ऐकलंस ना?”

“मला लागलाय म्हणूनच नाही टाकणार.”

“आल्झो, म्हणजे तुम्ही दोघं सारखेच,” तो वैतागून म्हणाला. “माझ्या दहावीच्या सेंडऑफला पप्पा आले नाहीत, माहितीये? का, तर परमिट त्यांच्या नावावर होतं.”

“कसलं परमिट?”

तेव्हा त्यानं सांगितलं. खांबावर चढायच्या आधी वायरमन सबस्टेशनमधून एक कागद घेतो. अमुक लाइन बंद, अमुक माणूस कामावर. काम झालं की त्याच माणसानं स्वतः जाऊन तो कागद परत करायचा. तोवर ती लाइन कोणी चालू करत नाही, मोठ्या साहेबाचा फोन आला तरी नाही. दुसऱ्यानं आपल्या वतीनं परत केलेलं चालत नाही. काम अर्धवट टाकून घरी जाणं हा तर प्रश्नच नाही. “त्या दिवशी पाऊस होता, काम संपेना. पप्पा रात्रभर तिकडेच,” नवरा म्हणाला. “मी वर्षभर बोललो नव्हतो त्यांच्याशी धड.”

मी त्याला मध्येच थांबवलं, कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

शनिवारी एकटीच नदीकाठी गेले आणि म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं माझा अंगठा बघून मान हलवली. नवशिका असताना त्यानंही असाच झटका खाल्ला होता. मग खोक्यांच्या मागून हाताएवढा, चांगला जड ट्रान्सफॉर्मर काढला. हा मध्ये बसवला की बोर्डाची वीज भिंतीतल्या विजेपासून सुटी होते, आणि एका तारेला हात लागून दुसरा हीटरवर असला तरी झटक्याची वाट पुरी होत नाही. पण नुसत्या त्यावर भिस्त ठेवून चालणार नाही, तो म्हणाला. स्विच असा हवा की दोन्ही तारा एकदम तुटतील. आणि प्रत्येक दिव्याला दोन रेझिस्टर, एक या तारेवर, एक त्या तारेवर, म्हणजे प्लग कसाही घाला, पितळी कड्यापर्यंत वीज पोचते ती आवरूनच. “गेनाऊ?” बरोबर ना, असं त्यानं विचारलं. “गेनाऊ,” मी म्हणाले.

सगळं सामान आणून टेबलावर मांडलं. बोर्ड भिंतीवरून वळवून टेबलाशी उभा केला. आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यावर चिकटवलं. लाइन परमिट. लाइन बंद आहे. काम अपूर्ण. कामावरचा माणूस म्हणून बाबांचं पूर्ण नाव.

पहिल्या दिवशी त्यांनी ते वाचलं आणि खिडकीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि लवकर झोपले. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला म्हणून चारदा त्या टेबलावरून गेले, एवढं पाणी पिणारा माणूस नव्हे तो. नवरा मला डोळ्यांनी विनवण्या करत होता, मी त्याच्याकडेही बघितलं नाही.

चौथ्या दिवशी कारखान्यातून आले तर बाबा कागदासमोर उभे.

“हे कोणी लावलं?”

“मी.”

“असं नसते परमिट. वेळ लिहावी लागते. कोणत्या वेळी लाइन बंद केली ते कुठं आहे?”

“मला नाही माहीत कसं लिहायचं ते.”

“माहीत नाही तं कायले लिहिते?” ते चिडले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिडले होते आणि मला इतका आनंद झाला की मी खाली बघून बूट काढत बसले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि झटका बसला त्या संध्याकाळची वेळ कागदावर लिहिली. खाली सही केली. मग टेबलावरचं सामान एकेक उचलून पाहिलं आणि दोन बाजूंचा स्विच बराच वेळ दाबून बघितला.

“दोन्ही तारा तोडते?”

“दोन्ही.”

“मग प्लग कसाही घाल.”

“हो बाबा. कसाही.”

ते आत गेले. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज मी ऐकला. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण कढईत मोहरी टाकल्याचं निमित्त होतं.

जुनी जोडणी त्यांनी सगळी उपटून काढली. एक तारही ठेवली नाही. मी ‘एवढी चांगली आहे, ठेवू की’ म्हणाले तर त्यांनी पुढची तार ओढली. दोन आठवडे लागले. फुटलेल्या दोन दिव्यांच्या जागी दुसरे बसवले. ट्रान्सफॉर्मर लाकडी पेटीत बंद केला, मागची सगळी जोडणी झाकणाखाली. तारा तशाच काटकोनात, पण आता ते मध्येच थांबून माझ्याकडे बघत. मी काही बोलते का याची वाट बघितल्यासारखं. मी मान डोलवायचे.

त्यांच्या जाण्याला चार दिवस उरले तेव्हा बोर्ड पुरा झाला. झाकण लावायच्या आधी बाबांनी मीटर माझ्या हातात दिला.

“तपास.”

“तुम्ही केलंय ना तपासून?”

“मी केलं. आता तू कर. मंडळात माझ्या मागून एक माणूस तपासत होता. इथं कोणी नव्हतं, म्हणून झालं.”

वीज नव्हती, प्लग हातभर लांब जमिनीवर पडलेला. दोन बाजूंचा स्विच चालू करून ठेवला. मीटरच्या एका टोकाची तार पेटीतून निघालेल्या तारेला, दुसरी एकेका पितळी कड्याला. मध्ये रेझिस्टर आहे तर मीटर एक लाख ओहम दाखवणार. पहिला, बरोबर. दुसरा, बरोबर. मी मोठ्यानं आकडे बोलत होते आणि बाबा हात मागे बांधून ऐकत होते. ओळ संपली, दुसरी संपली. सोळावा बरोबर.

सतराव्यावर मीटरनं शून्य दाखवलं.

मी टोक परत टेकवलं. शून्य. वाकून पाहिलं. त्या दिव्याचे दोन्ही रेझिस्टर एकाच तारेवर लागले होते आणि दुसरी तार सरळ पितळी कड्याला गेली होती. मागच्या वेळेसारखीच.

मी आकडा बोलले नाही. हात थांबले. माझ्या मागे बाबा उभे होते, ज्यांनी पंधरा दिवसांपूर्वी बॅगेची चेन उघडली होती. आता हे कळलं तर ते हत्यारं परत गुंडाळून ठेवतील, आणि या वेळी कुठल्याही कागदानं बाहेर येणार नाहीत. चार दिवस होते. ते गेल्यावर मी एकटीनं ही तार बदलली असती, कोणाला कळलंही नसतं. नवरा दारातून बघत होता आणि त्याला काही समजत नव्हतं. इतकी भीती मला दवाखान्यातही वाटली नव्हती.

“बाबा,” मी म्हणाले, “सतरावा चुकलाय.”

ते पुढे आले. चष्मा कपाळावर सरकवून नाक बोर्डाला लागेल इतके वाकले. मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट त्या तारेवर ठेवलं आणि तसंच ठेवलं.

“दोन्ही एकीकडेच लावले.”

“हो.”

“सांगितलं ते बरं केलं.” त्यांनी माझ्याकडे न बघताच दुसरा हात मागे पसरला. “पेचकस दे. मी हे काढतो. तू थांबू नको, पुढचे पाह्य.”

मी पेचकस त्यांच्या तळहातावर ठेवला आणि अठराव्याला लागले.